पदवीनंतर पुन्हा पदवी: कोणती, आणि कशासाठी?

पत्राचा सारांश

पत्रलेखिका २६ वर्षांची आहे. संख्याशास्त्र घेऊन पदवी झाली, लगेच एका कंपनीत डेटा विश्लेषणाची नोकरी लागली, तिला आता तीन वर्षं होतील. काम येतं, पण आवडतं की नाही हे तिला ठरवता येत नाही. सोबतच्या बहुतेक मैत्रिणींनी मास्टर्स केलं किंवा त्या करताहेत. गेल्या वर्षी तिच्या टीममध्ये मास्टर्स झालेला एक मुलगा आला आणि आठ महिन्यांत टीमचा प्रमुख झाला. तेव्हापासून ‘नुसत्या पदवीवर आपण किती दिवस काढणार’ या विचाराने तिला झोप लागत नाही. मोठा भाऊ म्हणतो, एमबीए कर. कॉलेजातले सर म्हणतात, तुझ्यासारखीने थेट पीएचडीला जावं. आईवडील म्हणतात, काहीही कर, पण लवकर ठरव. तिला स्वतःला वाटतं की आधी मास्टर्स करून टाकावं, पीएचडीचं पुढे बघता येईल, कारण शिक्षण कधी वाया जात नाही. पण त्यासाठी कर्ज काढावं लागेल. शिवाय इतक्या वर्षांनी अभ्यासाला बसणं जमेल का, वय तर निघून गेलं नाही ना, अशी धास्तीही आहे. पत्र संपल्यावर तिने ता. क. म्हणून दोन ओळी लिहिल्या आहेत: ‘सर्वेक्षणांत लोक जे प्रश्न कोरे सोडतात त्यांबद्दल मी हल्ली संध्याकाळी वाचत बसते. कोण कोरं सोडतं आणि का, याचं मला फार कुतूहल वाटतं. कामाशी त्याचा काही संबंध नाही.’ तिचा प्रश्न एका ओळीचा आहे: मास्टर्स, एमबीए की पीएचडी?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या प्रश्नापाशी थांबले, दुसऱ्यांदा त्या ता. क. पाशी. अख्ख्या पत्रात भाऊ आहे, सर आहेत, आईवडील, मैत्रिणी आणि तो नवा मुलगा आहे. त्या दोन ओळींत मात्र फक्त तू आहेस, आणि तिथे तुला कसली धास्ती वाटत नाहीये. ‘कामाशी संबंध नाही’ असं म्हणून तू तो विषय बाजूला सारलास. मी तो जपून ठेवलाय, त्याच्याकडे आपण परत येऊ.

आधी तुझ्या प्रश्नाच्या मांडणीबद्दल. पदवी, तिच्यावर मास्टर्स, तिच्यावर पीएचडी असा एक जिना तू डोळ्यांसमोर धरला आहेस. तू खालच्या पायरीवर थांबलीस, बाकीचे वर गेले. जवळपास वीस वर्षं मी पदव्युत्तर वर्गांना शिकवलं, प्रवेशाचे अर्ज वाचले, आणि हा जिना मला शेकडो अर्जांत दिसला. ‘मला पुढच्या पातळीवर जायचं आहे’ हे वाक्य वाचलं की मी पुढच्या ओळीत शोधायची, कसली पातळी? बऱ्याचदा पुढची ओळ नसायचीच.

गंमत अशी की या पदव्या जन्मल्या तेव्हा असा जिना नव्हता. मध्ययुगीन युरोपात ‘मास्टर’ आणि ‘डॉक्टर’ या दोन्ही शब्दांचा अर्थ शिकवण्याचा अधिकार मिळालेला माणूस असाच होता. ‘डॉक्टर’ हा शब्दच शिकवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला. पॅरिसमध्ये त्याला मास्टर म्हणत, इटलीतल्या बोलोन्यात डॉक्टर. बॅचलर म्हणजे अजून उमेदवारी करणारा. आज आपण जिला पीएचडी म्हणतो, म्हणजे स्वतंत्र संशोधन करून प्रबंध लिहिल्यावर मिळणारी पदवी, ती एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्यापीठांत घडली. १८१० मध्ये सुरू झालेलं बर्लिनचं विद्यापीठ त्यातलं सगळ्यांत प्रभावी. अमेरिकेत येलने १८६१ मध्ये पहिल्या पीएचडी दिल्या आणि ऑक्सफर्डने तर १९१७ मध्ये ही पदवी सुरू केली. एमबीए ही तिसरीच गोष्ट. हार्वर्डने १९०८ मध्ये ती सुरू केली ती वाढत्या उद्योगांना प्रशिक्षित व्यवस्थापक हवे होते म्हणून. आजही स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत कला शाखेची पहिलीच पदवी ‘एमए’ असते, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये बीए झालेल्यांना काही वर्षांनी कोणतीही परीक्षा न देता एमए मिळते. नाव तेच, पण आतलं काम वेगळं. म्हणून नावावरून पदवीची उंची मोजायची सवय आधी सोडून दे.

माझ्या मते पदवीनंतरच्या शिक्षणाचे तीन वेगळे धंदे आहेत. धंदे हा शब्द मी आदरानेच वापरतेय, जसं सुतारकाम आणि लोहारकाम.

पहिला, विषय खोलवर शिकण्याचा. शिकवण्यावर भर असलेलं मास्टर्स यात येतं. वर्ग, गृहपाठ, परीक्षा, शेवटी बहुधा एखादा प्रकल्प किंवा लहान प्रबंध. ब्रिटनमध्ये हे साधारण एका वर्षात उरकतं, युरोपात आणि इतर अनेक ठिकाणी दोन वर्षांत. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एका वर्षाची ६० क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास, चांगली पूर्णवेळ नोकरीच की. हा आकडा मुद्दाम सांगते, कारण नोकरी सांभाळून ‘बाजूला’ मास्टर्स करू म्हणणारे तो कधी मोजत नाहीत. अर्धवेळ अभ्यासक्रमात तास कमी होत नाहीत, फक्त जास्त वर्षांत पसरतात.

दुसरा, व्यवसायात शिरण्याचा किंवा व्यवसाय बदलण्याचा. एमबीए, समुपदेशन, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र, काही देशांत वैद्यक आणि कायदासुद्धा. अमेरिकेत वैद्यकाचं आणि कायद्याचं शिक्षण पहिल्या पदवीनंतर सुरू होतं, ब्रिटनमध्ये आणि भारतात ते बारावीनंतरही घेता येतं. या पदव्यांचं मोल बऱ्याच अंशी बाहेरून ठरतं: परवाना देणारी संस्था ती मानते का, नोकरी देणारे ती विचारतात का, वर्गात सोबत कोण असतं. तुझ्या भावाचा सल्ला या खणातला आहे. बऱ्याच चांगल्या एमबीए अभ्यासक्रमांना कामाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे. पण एमबीए करून तुझं संख्याशास्त्र फारसं खोल होणार नाही. माणसं, पैसा आणि निर्णय हाताळायची तयारी होईल. तेच तुला हवंय का? तो मुलगा प्रमुख झाला तेव्हा तुला नेमकं काय खटकलं, त्याचं काम आपल्याला हवं होतं हे, की आपल्याला कुणी विचारलंच नाही हे? ही दोन दुखणी निराळी आहेत आणि दुसऱ्यावर कुठल्याच विद्यापीठात औषध मिळत नाही. त्यासाठी वरिष्ठांसमोर जाऊन बसावं लागतं.

तिसरा धंदा संशोधनाचा, आणि इथे मला जरा रेंगाळू दे, कारण याच्याबद्दल बाहेर सगळ्यांत कमी माहिती असते.

पीएचडी म्हणजे अधिक कठीण मास्टर्स, असा समज घेऊन येणारी मुलं पहिल्या वर्षी बरी असतात. कोर्सवर्क असतं, त्यात ती हुशार असतातच. खरा धक्का त्यानंतर बसतो. एके सोमवारी सकाळी तुम्ही टेबलाशी बसता आणि आज काय करायचं हे कुणीच सांगितलेलं नसतं. अभ्यासक्रम संपलेला, परीक्षा पुढे नाही, बरोबर उत्तर कुठल्याही पुस्तकाच्या मागे छापलेलं नाही. गाईडलाही उत्तर माहीत नाही, माहीत असतं तर तो विषय पीएचडीचा झालाच नसता. वर्गात कायम पहिली येणारी मुलं मी या टप्प्यावर कोसळताना पाहिली आहेत, आणि मार्क मध्यम पण एखाद्या प्रश्नाने झपाटलेली मुलं तरून जाताना. अमेरिकेत तर सगळे कोर्स आणि परीक्षा झाल्या पण प्रबंध राहिला, अशा अवस्थेला वेगळं नावच आहे, इतकी माणसं तिथे अडकतात.

म्हणून ‘मी हुशार आहे, सर म्हणतात पीएचडी कर’ एवढ्यावर तिथे जाऊ नये. तुझ्या सरांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण शिक्षक बहुधा तीच वाट सुचवतात जिच्यावरून ते स्वतः आले, कारण तीच त्यांनी आतून पाहिलेली असते. मीसुद्धा अनेक वर्षं तेच केलं. एका विद्यार्थिनीला मी आग्रहाने संशोधनाकडे वळवलं. तिला शिकवण्याची आवड होती, प्रश्न उकलत बसण्याची नव्हती. चार वर्षांनी ती सोडून गेली तेव्हा अपयश तिच्या माथी बसलं, चूक माझी होती. तिला ‘रोज काय करायला आवडेल’ हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता ‘आधी मास्टर्स, मग पीएचडीचं बघू’. ऐकायला हे सावध पाऊल वाटतं. ते खरंच सावध आहे का, हे तू कुठे जाणार यावर ठरतं. युरोपात बहुतेक ठिकाणी पीएचडीसाठी आधी मास्टर्स लागतंच, मग तीन-चार वर्षांचं संशोधन. अमेरिकेत पहिल्या पदवीनंतर थेट प्रवेश मिळू शकतो, मात्र पाच-सहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात आणि मास्टर्सची पदवी बऱ्याचदा वाटेतच मिळते. भारतात चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी झाली असेल तर २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला पात्र होता येतं, आणि त्याच नियमांनी एम.फिल. ही पीएचडीआधीची संशोधन पदवी बंद केली. म्हणजे एका देशात जी आवश्यक पायरी, ती दुसऱ्या देशात दोन वर्षांचा वळसा ठरू शकते, आणि तोही कर्जाचा.

पैशाबद्दल स्पष्ट बोलू. सर्वसाधारणपणे, अपवाद धरून, मास्टर्सचे पैसे विद्यार्थी देतो आणि पूर्णवेळ पीएचडीत विद्यार्थ्याला पैसे मिळतात. नेदरलँड्स आणि उत्तर युरोपातल्या देशांत पीएचडी करणारे बहुधा पगारी कर्मचारी असतात. अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांत शिकवण्याच्या किंवा संशोधनात मदत करण्याच्या बदल्यात फी माफ होते आणि स्टायपेंड मिळतो. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत मास्टर्सलाही बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही. एखाद्या ठिकाणी पीएचडीला प्रवेश दिला पण कसलंच आर्थिक सहाय्य दिलं नाही, तर मी सहसा नको म्हणायला सांगते. ज्यांना तू खरोखर हवी आहेस ते तुझ्यासाठी कुठून तरी पैसे उभे करतात.

मास्टर्ससाठी कर्ज काढायचं असेल तर कागदावर तीन आकडे मांड: फी आणि राहण्याचा खर्च, त्या काळात बुडणारा पगार, आणि परत आल्यावर महिन्याचा हप्ता. मधला आकडा बहुतेक जण विसरतात आणि तोच कित्येकदा सगळ्यांत मोठा असतो. ‘शिक्षण कधी वाया जात नाही’ हे मलाही मनापासून मान्य आहे. पण कर्जाचा हप्ता शिक्षणाच्या उदात्ततेकडे बघून थांबत नाही, आणि तो फेडण्यासाठी नको असलेली नोकरी धरून बसलेली माणसं मला माहीत आहेत. वाया शिक्षण गेलं नाही, पण निवड करायची मोकळीक गेली.

आणि आता तुझी ता. क.

सर्वेक्षणात कोरी उत्तरं सोडणारी माणसं नमुन्यात सारखी पसरलेली नसतात, हे तू वाचलं असशील. पगार सांगायला संकोच वाटणारे बहुधा फार कमी किंवा फार जास्त कमावणारे असतात. म्हणून जे भरलंय तेवढ्याचीच सरासरी काढली तर ती फसवते. १९७६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी या प्रश्नाची जी मांडणी केली, तिच्यावर आजही हे सगळं शास्त्र उभं आहे: उत्तर नसणं निव्वळ योगायोगाने आहे, की दिसणाऱ्या दुसऱ्या कारणामुळे, की त्या न दिलेल्या उत्तरामुळेच? तू हे माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस. तर तुझ्याच आयुष्याच्या सर्वेक्षणात कोण गहाळ आहे ते बघ. ‘मास्टर्स केलेले सगळे म्हणतात, बरं झालं केलं.’ कोण सगळे? ज्यांनी अर्ध्यात सोडलं ते असा सल्ला द्यायला येत नाहीत. ज्यांचं कर्ज अजून चालू आहे आणि काम पूर्वीचंच, ते ‘ठीक आहे’ म्हणून विषय बदलतात. मास्टर्स झालेल्यांचा सरासरी पगार जास्त असतो हेही बऱ्याच देशांत खरं आहे, पण मास्टर्सला जाणारे आधीपासून वेगळे असतात: घरची परिस्थिती, मार्क, ओळखी, स्वभाव. पदवीमुळे किती वाढलं आणि आधीचंच किती होतं, हे सरासरी सांगत नाही. त्या मुलाचंही तसंच. तो मास्टर्समुळे प्रमुख झाला असं तुला कुणी सांगितलं, की तुला जे दोन आकडे दिसले ते तू जोडलेस? टीममध्ये अशी कुणी आहे का, जी मास्टर्स झालेली असूनही तिथल्या तिथेच आहे?

मला वाटतं तुझा खरा प्रश्न त्या दोन ओळींत आहे. थकून घरी आल्यावर, कुणी सांगितलं नसताना, बक्षीस नसताना माणूस जे वाचतो, ते त्याच्याबद्दल बरंच सांगून जातं. याचा अर्थ तू संशोधकच होणार असा मी काढत नाही. वाचायला आवडणं वेगळं आणि चार वर्षं एकाच गाठीशी झुंजणं वेगळं. पण तपासून बघण्यासारखी हीच एक गोष्ट मला तुझ्या पत्रात दिसली, आणि सुदैवाने ती नोकरी न सोडता तपासता येते.

कशी, ते सांगते. पुढचे तीन महिने अर्ज भरू नकोस. या विषयावरचा एखादा पीएचडीचा प्रबंध मिळव. बरीच विद्यापीठं ते आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवतात. पहिल्या प्रकरणावर थांबू नकोस, मधलं सगळ्यांत रुक्ष प्रकरण वाच, जिथे लेखकाने पद्धत ताडून पाहिली आहे, फसलेले प्रयत्न नोंदवले आहेत. वाचताना कंटाळा आला की हात आपोआप कागद-पेन्सिलीकडे गेला, हे प्रामाणिकपणे बघ. मग तुझ्याच कामातला एखादा डेटा घे, परवानगी मिळत असेल तर, नाहीतर उघडपणे उपलब्ध असलेलं एखादं सर्वेक्षण. त्यातले कोरे रकाने कुणाचे आहेत यावर आठ-दहा पानांचं काहीतरी लिही. वाईट लिहिलं तरी चालेल. ते लिहिताना तुझ्या ज्ञानात कुठे भोक आहे हे तुला कळेल, आणि भोकाच्या आकारावरून पदवी निवडता येईल. गणिताचा पाया कमी पडतोय असं जाणवलं तर चांगलं मास्टर्स हवं. पाया पुरेसा आहे पण प्रश्न डोक्यातून जात नाहीये असं वाटलं तर पीएचडीकडे बघ. आठ पानं लिहून झाल्यावर ‘सुटले एकदाची’ असं वाटलं, तर तेही मोलाचं उत्तर आहे. मग एखादा कोर्स सुटा करणं पुष्कळ झालं, कित्येक विद्यापीठं तशी सोय देतात.

हे लिखाण वाया जाणार नाही याचं एक व्यावहारिक कारणही आहे. अर्जासोबत दोन किंवा तीन शिफारसपत्रं लागतात, आणि पदवीला तीन वर्षं झाल्यावर शिक्षकांना विद्यार्थी अंधुक आठवतात. ‘मेहनती आणि विनम्र’ एवढंच असलेली शिफारसपत्रं मी ढिगाने वाचली, त्यांचा काही उपयोग होत नाही. ‘तिने हा प्रश्न घेतला, इथे अडखळली, मग असा मार्ग काढला’ असं एक वाक्य असलं की वाचणारा सावरून बसतो. ती आठ पानं सरांकडे पाठव आणि त्यांच्याशी भांड त्यावर. एसओपीचं, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या ‘मला का शिकायचंय’ या निवेदनाचंही तेच. बालपणीच्या गणितप्रेमाचे परिच्छेद आम्ही भराभर उलटायचो. तुला कोणता प्रश्न पडला आहे, त्यावर काय केलंस, आणि त्याच विभागात का यायचंय, हे तीन परिच्छेदांत सांगता आलं तर बाकीची सजावट लागत नाही.

पीएचडीच्या दिशेने गेलीसच, तर विद्यापीठाच्या नावाआधी गाईड बघ. तिथल्या आजच्या आणि जमलं तर सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांशी बोल. गाईड किती दिवसांनी भेटतात, मसुदा दिल्यावर परत किती आठवड्यांनी येतो, लेखावर कुणाचं नाव पहिलं असतं, मागच्या पाच जणांना किती वर्षं लागली आणि ते आज काय करतात, पैसे किती वर्षं मिळणार आणि कशाच्या बदल्यात. हे विचारणं उद्धटपणा नाही. या प्रश्नांवर जो गाईड चिडतो, त्याने तुझं काम सोपं केलं असं समज. अमेरिकेत अर्ज केलास तर हेही लक्षात ठेव: आर्थिक सहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती करायची नाही, असा करार तिथल्या बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केला आहे. घाई करणाऱ्याला हे नम्रपणे सांगता येतं.

वयाचं. २६ हे वय उशिराचं नाही, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. काम करून आलेली मुलं वर्गात वेगळी उठून दिसतात, कारण त्यांना कशासाठी शिकायचं ते ठाऊक असतं. शिक्षणात पडलेल्या खंडाबद्दल म्हणशील तर बाबासाहेब आंबेडकरांच्याच तारखा बघ. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये एमए झालं, पुढे लंडनला अभ्यास सुरू केला, तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अर्ध्यावर परतावं लागलं. मधे नोकरी केली, शिकवलं, पैसे जमवले, १९२० मध्ये पुन्हा गेले. १९२१ मध्ये एमएससी, १९२३ मध्ये डीएससी, आणि कोलंबियाची पीएचडी हाती पडली १९२७ मध्ये. त्यांच्या वाटेवरच्या अडचणींशी आपल्या कुणाचीच तुलना नाही, पण सलगपणा ही अट नसते, एवढं त्या तारखा सांगतात. व्यवहारात वयापेक्षा परीक्षांच्या गुणांची मुदत आधी बघ: पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेचे गुण पाच वर्षं चालतात, टोफेल आणि आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे साधारण दोन वर्षं. म्हणून ‘देऊन ठेवते’ म्हणत इंग्रजीची परीक्षा आत्ताच देऊ नकोस. जीआरई बऱ्याच विभागांनी ऐच्छिक केली आहे, तेव्हा अर्ज कुठे करणार हे ठरल्याशिवाय तिची तयारीही नको.

तुझ्यासारखी पत्रं लिहिणाऱ्या आणखी काहींसाठी थोडं. ज्यांना परवाना लागणाऱ्या व्यवसायात जायचंय, त्यांनी विद्यापीठाची जाहिरात बाजूला ठेवून परवाना देणाऱ्या संस्थेची मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी आधी पाहावी, आणि जिथे काम करायचं त्या देशातली. ज्यांचे पहिल्या पदवीचे मार्क कमी आहेत त्यांनी एक-दोन कठीण कोर्स सुटे करून त्यात चांगले गुण मिळवावेत. आम्ही अर्ज वाचताना जुन्या मार्कांपेक्षा नुकत्याच केलेल्या कामाकडे जास्त बघायचो. काही महिन्यांत, फारसं काही न करता, अनुभवाच्या बळावर डॉक्टरेट देऊ करणारं पत्र आलं असेल तर ते टाकून द्यावं. आणि नोकरी नकोशी झालीये म्हणून जे शिक्षणाकडे बघताहेत त्यांनी आधी नोकरी बदलून बघावी. ते स्वस्त पडतं, आणि नाही जमलं तर परतही फिरता येतं.

तुझ्याकडे एक काम मात्र तीन महिने थांबवण्यासारखं नाही. वरिष्ठांकडे वेळ माग आणि सरळ विचार: मला पुढची जबाबदारी मिळण्यासाठी नेमकं काय कमी पडतंय? पदवी असं उत्तर आलं तर विचार, पदवी असती तर माझ्या हातून कोणतं काम झालं असतं जे आज होत नाही? त्यांना सांगता आलं तर तुला तुझ्या अभ्यासाची दिशा मिळेल. सांगता आलं नाही, तर अडचण तुझ्या शिक्षणात नाही. आणि घरच्यांना ‘लवकर ठरव’ यावर एक तारीख दे, तीन महिन्यांनंतरची. तारीख दिली की माणसं रोज विचारायची थांबतात.

ती आठ पानं लिहून झाली की मलाही पाठव. कोरे रकाने कुणाचे निघाले, हे मला खरंच वाचायचंय.